दोन ते चारचा पहारा

वरचा मळा, मखमलाबाद रोड, नाशिक
१४ जानेवारी २००५, संक्रांत

ठमाताई,

पाया पडते. सात वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून दचकू नका. घरात सगळे बरे आहेत, यांचा गुडघा तेवढा थंडीत धरतो. सोबत तिळगूळ पाठवतेय. पोस्टात चुरा झाला तर चुरा खा, पण खा. गोड बोला असं मी कोणत्या तोंडानं म्हणू, ते तुम्हीच समजून घ्या.

पत्र तुम्हाला तृप्ती वाचून दाखवणार, हे ठाऊक आहे. तृप्ती, तू आता कळवणला मोठी मास्तरीण झालीस, तर काकूच्या शुद्धलेखनाला लाल पेन लावू नको. मी सातवी पास, तीही कशीबशी. फोन करणार होते, पण फोनवर माझी जीभ आधी धावते आणि मी मागून पोचते. लिहिलं की निदान खोडता येतं.

मुद्द्यावर येते. आपल्या बायकांना वीणा परत मिळते आहे.

गेणूबाबा आता थकलेत. मारुतीच्या सप्ताहाचं सगळं त्यांचा गोरक्ष बघतो. आणि मी महिला भजनी मंडळाची अध्यक्ष आहे, चार वर्षं झाली. हसू नका. मी गोरक्षच्या मागे हात धुऊन लागले. म्हटलं, सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही म्हणता, दर दोन तासांनी पहारा बदलायचा म्हणता, आणि चैत्राच्या उन्हात दुपारी उभं राहायला तुम्हाला गडी मिळत नाहीत. मग बारा ते चार बायकांना द्या की पूर्वीसारखं. तो म्हणाला, देतो, पण गावापुढे ठराव होईल. ठरावात लिहायचं, की सत्त्याण्णव साली ठमाबाईंच्या हलगर्जीपणानं वीणा पडली म्हणून महिलांचा पहारा बंद केला होता, आता ठमाबाई सोडून बाकीच्यांना तो परत देत आहोत. आणि याला तुमची हरकत नाही अशा दोन ओळी तुमच्याकडून आणायच्या, म्हणजे उद्या भावकीत वाद नको.

तर ताई, त्या दोन ओळी पाठवा. झालं गेलं. तुम्ही काही आता कळवणहून पहाऱ्याला येणार नाही. इथे पन्नास बायका डोळे लावून बसल्यात. सुवर्णा तर आत्तापासून दुपारी उन्हात उभं राहायची सवय करतेय, तिची सासू कपाळावर हात मारून घेते.

दादांना नमस्कार.

तुमची धाकटी जाऊ,
लता


६ फेब्रुवारी २००५

ताई,

तुमचं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आलंच तर त्यात माझी चांगली हजेरी घेतलेली असेल, असं धरून चालले होते. त्याला काय उलट लिहायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. आणि तुम्ही लिहिता काय, तर माझी हरकत नाही, वीणा माझ्या हातून पडली हे खरं आहे, ते लिहा, बायकांना पहारा मिळतोय हे ऐकून फार बरं वाटलं. आणि खाली तृप्तीच्या अक्षरात: ‘आई म्हणते, लताला सांग, उभी राहशील त्या दिवशी पाणी पिऊन आणि चार घास खाऊन जा.’

वाढलेलं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

कागद गोरक्षला द्यायला निघाले आणि बांधापासून माघारी फिरले. कागद पोह्यांच्या डब्यात आहे. गोरक्ष दोनदा विचारून गेला, मी म्हटलं, अजून आलं नाही उत्तर. का असं म्हटलं ते मला विचारू नका.

त्या दुपारचं सगळं डोळ्यांपुढे येतं आहे. ऊन असं, की मंडपाच्या कापडातूनही डोकं तापत होतं. बारा ते दोन तुमचा पहारा, दोन ते चार माझा. मंडपात तुम्ही, आणि कोपऱ्यात भागीबाई, तिला ऐकू येत नाही आणि बसल्या जागी झोप लागते. साडेतीनला वीणा पडली. सुवर्णा स्वयंपाकाच्या मांडवातून धावत आली, तर तुम्ही खांबाला टेकून बसलेल्या, वीणा खाली, आणि तिच्या भोपळ्याला बोटभर तडा. पहाऱ्यावर बसायचं नसतं. तुम्ही बसलात, डुलकी लागली, वीणा मांडीवरून घरंगळली. हे सगळं खरं आहे आणि तुम्ही ते कधी नाकारलं नाहीत.

गेणूबाबांनी विचारलं, दोन वाजता लता का आली नाही. मी म्हटलं, मी आले होते, पण ताईंनीच मला परत पाठवलं, दोन्ही पहारे मीच करते म्हणाल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग मान खाली घातलीत आणि म्हणालात, “वीणा माझ्या हातून पडली, बाबा.” एवढंच. त्यावर मीही आणखी काही लिहीत नाही. माझं त्या दिवशी डोकं दुखत होतं.

पण त्यानंतरचं मला लिहायचं आहे, कारण ते मी कुणाशी बोलले नाही.

लोक काय काय बोलले. मोठी भक्तीण निघाली. दोन-दोन पहाऱ्यांची हौस नडली. बायकांच्या हाती वीणा दिली की असंच व्हायचं. पुरुषांनी पहारा काढून घेतला, मग बायका तुमच्यावर तुटून पडल्या, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. आठ दिवसांनी गारा पडल्या, गुलाबांची पानं फाटून गेली, तर त्याचंही खापर तुमच्यावर. जणू ढगाला तुमचं नाव सांगून कुणी पाठवलं होतं.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी काही तुम्ही कीर्तनाला येत नाही. आलात. चपलांजवळ बसलात. बायकांनी सतरंजी ओढून घेतली, तर तुम्ही मातीत बसलात. काल्याच्या पंगतीत वाढणारी तुमचं पान मुद्दाम ओलांडून गेली. तुम्ही रागावून उठला नाहीत, रडला नाहीत. पानाशी हात ठेवून बसून राहिलात. दुसऱ्या फेरीला तिचीच तिला लाज वाटली आणि तिनं दोन डाव जास्त वाढलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, पुरे गं. मी समोरच्या ओळीत होते. माझ्या पानातली बुंदी तशीच राहिली.

मग वर्षभर रोज सकाळी तुम्ही देवळाचं अंगण झाडलंत. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा नळावर भागीबाई तुम्हाला तोंडावर म्हणाली, देव कोपलाय तुझ्यावर. तुम्ही हंडा उचलता उचलता म्हणालात, “कोपला आसंल तर त्याचा हक्क हाय. पण मला टाकणार नाय तो.” भागीबाईला ते ऐकूच गेलं नाही. मागे मी उभी होते, मला गेलं. ताई, मला तुमचा असा राग आला की घरी येऊन मी पातेलं आपटलं. भांडा ना. कुणाचं तरी नाव घ्या ना. इतकं कशाच्या जोरावर शांत राहायचं माणसानं?

परवा सुवर्णा मंडळात म्हणाली, लताकाकू दुसऱ्या कुणाला पुढे बसू देत नाहीत, बसलं की यांचं तोंड वाकडं. आता खरं सांगू? खरं आहे ते. पण मी तीन दिवस धड जेवले नाही, आणि तिला बोलता बोलता पार तिच्या माहेरापर्यंत पोचले. एका वाक्यानं माझी ही गत झाली. तुम्ही वर्षभर ऐकलंत. कसं ऐकलंत, तेवढं मला लिहा.

लता


३ मार्च २००५

तृप्ती, आईला नीट बसव, आणि इथून पुढे काहीही आलं तरी मध्ये थांबू नको. काकूवर रागवायचं ते सगळं वाचून झाल्यावर रागव.

ताई, माझं डोकं दुखत नव्हतं.

त्या दिवशी सकाळच्या भजनाला तुम्ही मला म्हणालात, लता, टाळ पुढं पळतोय तुझा, जरा ऐक. हळूच म्हणालात. पण सुवर्णा फिसकन हसली आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. दोन वाजता मी तयार होते. अंघोळ केलेली, हिरवी साडी नेसलेली, दाराला कडी घालायची बाकी. आणि मनात आलं, राहू दे उभी. लय मोठी शिकवणारी. बघू किती दम आहे.

मी परत आत आले आणि झेंडूच्या माळा करत बसले. घड्याळ समोर होतं. अडीच वाजले, तीन वाजले. दर वेळी म्हणत होते, आणखी पाच मिनिटं. मी विसरले नव्हते, आजारी नव्हते, आणि तुम्ही मला परत पाठवलं नव्हतं. मी मुद्दाम आले नाही.

मग सुवर्णाची आरोळी ऐकली आणि अनवाणी धावले. गेणूबाबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून ते खोटं बाहेर पडलं. ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर परतही घेतलं नाही. वाटलं, आता ताई म्हणतील, ही खोटं बोलतेय. त्यावर काय म्हणायचं याची जुळवाजुळव करत होते. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. मग मला ओरडत राहावं लागलं. जेवढी भीती वाटली तेवढी मोठ्यानं ओरडले. तुमच्यामुळे आम्हा सगळ्यांचा पहारा गेला, हे वाक्य पहिल्यांदा माझं. बाकीच्यांनी ते माझ्याकडून उचललं.

वर्षानं तृप्तीला कळवणला नोकरी लागली, तुम्ही आणि दादा तिच्याबरोबर गेलात. लोक म्हणाले, लेकीसाठी गेली. मीही तेच सांगत आले. टेम्पोत सामान चढवून झाल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. त्यानंतर मला झोप लागली नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. झोप लागत होती, जेवण जात होतं, अध्यक्षही झाले. फक्त देवळात गेलं की मारुतीरायाच्या तोंडाकडे बघता यायचं नाही, पायांकडेच बघून यायचे.

तुमचा कागद अजून डब्यात आहे. सत्तावीस तारखेला गाव जमणार आहे. कागद दिला की बायकांना वीणा मिळते, आणि तुमचं नाव त्या वहीत कायमचं चढतं. नाही दिला तर का नाही ते मला सांगावं लागतं, मग कदाचित पहाराही जातो आणि मीही जाते. काय करू असं तुम्हाला विचारत नाही. विचारलं तर तुम्ही म्हणाल, देऊन टाक कागद. मला तुम्ही पक्क्या माहीत आहात.

लता


३१ मार्च २००५

ताई,

सांगितलं.

देवळापुढे सगळं गाव होतं. पुरुष पुढे, आम्ही मागे. गोरक्षनं ठराव वाचायला घेतला. ‘ठमाबाईंच्या हलगर्जीपणानं’ इथपर्यंत आला आणि मी उभी राहिले. म्हटलं, “गोरक्ष, तिथं माझं नाव घाल. मी त्या दिवशी रागानं आले नाही. ताईंनी परत पाठवलं हे मी खोटं सांगितलं.” आणखी बरंच बोलायचं घोकून गेले होते, पण तेवढंच आलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. बायका म्हणाल्या, आता मिळत होता तो पहाराही हिनं घालवला, हिला आजचाच मुहूर्त सापडला. एक म्हातारा म्हणाला, बायकांची भांडणं आणि देवाची वीणा. सुवर्णा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, “आठ वर्षं आम्ही त्या बाईला बोललो, काकू. तुम्ही आम्हाला बोलायला लावलंत.” गोरक्षनं वही मिटली आणि म्हणाला, बघू पुढं. मंडळ आता सुवर्णा बघणार आहे. मी आपण होऊन किल्ली दिली, मागायची वेळ आणली नाही.

घरापर्यंत हे माझ्या दहा पावलं पुढे चालले. आल्यावर म्हणाले, चहा टाक. मी टाकला. मग म्हणाले, माझ्या वहिनीला मी पण एकदा वाटेल ते बोललो होतो, तुझं ऐकून. एवढं बोलून मळ्यात निघून गेले. चहा तसाच राहिला.

आता तुमच्यासारखं करून बघतेय. जमत नाही ताई. नळावर एकीनं टोमणा मारला. मी गप्प राहिले, अगदी तुमच्यासारखी मान खाली घालून. आणि चार पावलं गेल्यावर मागे वळून तिला तिच्या नणदेचं सगळं प्रकरण सुनावलं. मग घरी येऊन रडले. देवळात जाऊन म्हटलं, मारुतीराया, हे काही मला जमायचं नाही, दुसरं काहीतरी सांग. दुसऱ्या दिवशी परत त्याच नळावर गेले. तेवढं जमलं.

मी समजत होते, तुम्ही जात्याच कणखर, तुम्हाला बोलणं लागतच नाही. आता कळतंय की लागत असणारच. एकेक शब्द घरापर्यंत सोबत येतो. तरी तुम्ही रोज सकाळी झाडू घेऊन त्याच लोकांमध्ये येत होतात. मला टाकणार नाय तो, असं तुम्ही म्हणालात ते भागीबाईला उत्तर नव्हतं. त्यावरच तुमचा दिवस निघत होता. मी चार दिवसांत टेकीला आले आणि तुम्ही वर्ष काढलंत, हे आठवलं की मला नुसतं तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं.

पहाऱ्याचं काय होतंय माहीत नाही. तुमच्या उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. पण बघतेय.

लता


कळवण
५ एप्रिल २००५

लता,

अक्षर तृप्तीचं, बोलणं माझं. तिला म्हटलं, जसं बोलते तसंच लिही, शाळंतलं करू नको. ती मधी मधी डोळं पुसती, म्हणून शाई पसरली आसंल.

तुझी पत्रं ऐकली. आधी तृप्ती तुझ्यावर चिडली, मग माझ्यावर. म्हणे, आई, ही खोटं बोलती हे तुला माहीत व्हतं, तर आठ वर्षं गप का राहिली. तिला जे सांगितलं ते तुला सांगते.

तू मला लय मोठी करून ठेवलीस. मी तेवढी नाय.

दोन वाजून गेले, तू आली नाय, तेव्हाच मला कळलं, हा सकाळचा राग हाय. स्वयंपाकाच्या मांडवात वीस बाया व्हत्या. एक हाक मारली आसती तर कुणीबी पिठाचे हात धुऊन आलं आसतं. मी मारली नाय. म्हटलं, येऊ दे हिला चार वाजता. दोन्ही पहारे करून ताठ उभी दिसंन मी, मग बघू हिची मान कशी वर व्हती. गळ्यात वीणा, तोंडात देवाचं नाव, आन मनात हे. चक्कर यायला लागली तवा बसले, तरी हाक मारली नाय. वीणा झोपंनं पडली आसं सगळे म्हणतात. ती माझ्या ताठ्यानं पडली, लता.

आन तू गेणूबाबांना सांगितलं, ताईच म्हणाल्या दोन्ही पहारे मीच करते. तू आली व्हतीस हे खोटं, पण हौस खरी व्हती. मी कोणत्या तोंडानं नाय म्हणणार व्हते? तुझ्याकडं बघितलं ते रागानं नाय. मला वाटलं, हिला माझ्या मनातलं कसं कळलं.

मग लोक बोलायला लागले. त्यातलं निम्मं उगीच आसायचं. पण त्यांना जे माहीत नव्हतं ते त्याच्याहून वाईट व्हतं, आन ते एकट्या देवाला माहीत व्हतं. त्याला सगळं माहीत आसून त्यानं मला देवळातून हाकललं नाय. रोज जाते तर रोज अंगण झाडू देतो. मग बाकीच्यांच्या बोलण्याचं किती मनावर घ्यायचं. जेवढं खरं तेवढं आपलं म्हणून घ्यायचं, उरलेलं त्याच्या पायाशी ठेवायचं आन वाट बघायची. तू विचारलं कसं ऐकलंस, तर आसं. पण सोपं नव्हतं. घरी येऊन मी बी पातेली आपटलीत. पार चेमटली एक-दोन. दादांना विचार.

टेम्पोपाशी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा माफी मागायची व्हती. तोंड उघडलं नाय. आता मागते.

तू गावापुढं उभी राहिलीस. मला ते आठ वर्षांत झालं नाय. मी गप राहिले तर लोक म्हणाले सोसती बिचारी, आन मी ते म्हणू दिलं. तुझी हिंमत मोठी.

हे पत्र गेणूबाबांना वाचून दाखव. त्यांना अर्धंच समजलंय.

ठमा


२२ एप्रिल २००५, सप्ताहाचा पाचवा दिवस

ताई,

तुमचं पत्र मी देवळाच्या पायरीवर बसून तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसायला आलं. दोन जावा, एक घरात घड्याळाकडे बघत बसलेली, एक मंडपात ताठ उभी, आणि दोघींना एकमेकींची मान खाली घालायची. मधल्या मध्ये वीणेचा जीव गेला. तिसऱ्यांदा वाचलं आणि मग मारुतीरायाच्या तोंडाकडे बघितलं, आठ वर्षांनी. तो माझ्यावर रागावलेला दिसला नाही.

तुम्ही म्हणता मी मोठी केली तुम्हाला. आता तर मला तुम्ही आणखी मोठ्या वाटता. तुमची चूक माझ्याएवढीच होती म्हणून. बिनचूक माणसानं ऐकून घेतलं असतं तर मला काय त्याचं. मी त्याला हात जोडले असते आणि माझ्या वाटेनं गेले असते. तुम्ही माझ्यासारख्याच तापट, माझ्यासारख्याच हट्टी, आणि तरी रोज देवापुढे जाऊन उभ्या राहिलात. म्हणजे मलाही जमेल.

तुम्ही सांगितलंत तसं गेणूबाबांना पत्र वाचून दाखवलं. ते डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोपलेच. मग म्हणाले, परत वाच. परत वाचलं. गोरक्षला हाक मारली आणि म्हणाले, “आठ वर्षं आपण म्हणत राहिलो, बाईमाणसाच्या हातून पडली. राग काय बाप्याला येत नाय का? दे त्यांना पहारा.” गोरक्ष उभाच राहिला. बाबा म्हणाले, ठरावात कुणाचं नाव घालू नको. एवढंच लिही, की बदलीचं माणूस आलं नाही तर हाक मारायची, आणि हाक मारण्यात कमीपणा मानायचा नाही. हे बाप्यांनाही लागू.

मी उठले तर म्हणाले, थांब. तुम्ही दोघी मात्र यंदा वीणा घ्यायची नाही. पुढच्या साली बघू. मला वाटलं होतं मी वाद घालेन. नाही घातला. म्हटलं, बरोबर आहे बाबा.

सोमवारपासून बायका उभ्या राहताहेत ताई. आज दोन ते चार सुवर्णा होती. दोनला पाच कमी असतानाच येऊन उभी. वीणा गळ्यात घेतली आणि तिची दोरी दोनदा ओढून बघितली. मग सूर लागला आणि ती अशी काही गायला लागली की स्वयंपाकातल्या बायका लाटणी हातात घेऊन बाहेर आल्या. मी मागे चपलांजवळ बसले होते. पुढे बसायची सवय असलेल्या बाईला मागून काय सुंदर ऐकू येतं, हे मला माहीतच नव्हतं. शेजारून दोघी-तिघी कुजबुजत गेल्या, हीच ती, हिनंच जावेला अडकवलं. खरं तेवढं घेतलं. उरलेलं ठेवायला जागा तुम्ही सांगितलीतच. अजून थोडं हाताला चिकटून राहतं.

पत्र पोस्टानं वेळेत पोचायचं नाही, म्हणून हे स्वतः घेऊन येताहेत. हे वाचाल तेव्हा ते तुमच्या दारात चपला काढायच्या का नाही याचा विचार करत उभे असतील. त्यांना आत घ्या. त्यांना त्यांच्या वहिनीशी काही बोलायचं आहे आणि त्यांना वेळ लागेल, मध्ये बोलू नका.

काला रविवारी आहे, तृप्तीला सुट्टी असेल. दादांना आणि तिला घेऊन यांच्याबरोबरच निघा. गेणूबाबांनी तुमचं पत्र गावाला वाचून दाखवायला लावलं, तेव्हा आता तुमच्याही नावानं बोलणारे निघालेत. कुणी म्हणतं, दिसायला गरीब आणि पोटात एवढं. कुणी म्हणतं, दोघी सारख्याच. पाच दिवस झाले, तुमच्या वाटणीचंही मी एकटीच ऐकतेय.

या. तुमचं तुम्ही ऐका, माझं मी ऐकते. फक्त शेजारी बसा.

लता